डास गप्प झाला की

"बघ हं आता. नीट बघ," असं म्हणून बाबांनी कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंतीकडे रोखला आणि बटण दाबलं. स्वयंपाकघर क्षणभर पांढरंफेक झालं. ओट्यावरची पातेली, खिडकीतलं फडकं, आईची पाठ, सगळं कात्रीने कापून काढल्यासारखं लख्ख. लगेच त्यांनी पुन्हा बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. चष्मा वर सरकवून, वैतागून चौथ्यांदा दाबलं, तर पडला उजेड.

"बघितलंस? याच्या मर्जीनं चालायचं आपण. जहागीरदार आहे मेला!"

"तुमच्यावरच गेलाय," आई नळाखाली भांडी विसळत ओरडली. "चार हाका मारल्या की एक ओ!"

"ओरडतेस कशाला? इथेच बसलोय की मी."

"ओरडू नको तर काय करू? ऐकतं कोण या घरात माझं?"

गुंडी माझ्या मांडीवर बसून टेबलावरच्या खोडरबराकडे झेपावत होती. वर्तमानपत्र पसरून बाबांनी त्यावर फ्लॅशचा संसार मांडला होता. बॅटऱ्या नव्या घातल्या होत्या. फ्लॅशच्या पायाखालचे पितळी ठिपके खोडरबराने घासून चकचकीत केले होते. वायर बदलली, कॅमेरा बदलून पाहिला, बॅटऱ्यांच्या खणातली स्प्रिंग टाचणीने ओढून ताणली. तरी तो कधी उडायचा, कधी नाही. आणि नेमका कधी उडणार नाही ते कुणालाच सांगता यायचं नाही.

"टाकून द्या ना बाबा. नवीन घेऊ."

"यात बिघाड काय आहे ते कळल्याशिवाय? माणूस आजारी पडला की टाकून देतेस का तू?" मग गुंडीच्या हातात खोडरबर देत, अगदी हळू, "मॅडम, तुमच्या आईला काही कळत नाही."

माझा नवरा बोटीवर असतो, म्हणून गुंडी झाल्यापासून मी इथेच होते. त्यामुळे बाबांचा हा फ्लॅशशी चाललेला झगडा मी रोज पाहत होते. आणि तो नुसत्या यंत्राशी नव्हता, हेही मला माहीत होतं.

बाबांचा स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता. ओळखपत्राचे फोटो लोक आता स्वतःच काढतात आणि बाळांचे तर श्वासागणिक निघतात. उरलं होतं एकच काम, चौकापलीकडच्या सभागृहातल्या कार्यक्रमांचं. तिथला मॅनेजर जुना माणूस. कुणी हॉल ठरवायला आलं की तो म्हणायचा, फोटोवाले आमचे ठरलेले आहेत. त्या एका वाक्यावर बाबा सकाळी दाढी करत होते, बुटांना पॉलिश करत होते, शर्टाच्या खिशात लेन्स पुसायचं फडकं घडी करून ठेवत होते.

पण मागच्या लग्नात नवरीने वहीत सही केली, पेन खाली ठेवलं आणि मान वर करून बापाकडे पाहिलं. ती एक नजर. बाबांनी ती बरोबर पकडली होती, कोनही बरोबर होता. फक्त उजेड पडला नव्हता. नवरीचा बाप नंतर हॉलवर आला. नुसताच तो काळा फोटो बराच वेळ बघत उभा राहिला, असं मॅनेजरने सांगितलं. वर म्हणाला, "दादा, शाळेच्या मोठ्या बाईंचा निरोप समारंभ आहे या रविवारी. माझ्या स्वतःच्या बाई त्या. तेवढा एक नीट करा. नाहीतर मला काहीतरी बघावं लागेल हो."

'काहीतरी बघावं लागेल' हे बाबा घरी येऊन तीनतीनदा म्हणून दाखवायचे, हसत. हसून झाल्यावर पुन्हा खोडरबर घ्यायचे.

शेवटी आम्ही फ्लॅश डॉक्टरकडे नेला. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे डॉक्टरच म्हणतात. दुकान रस्त्यावरच, शेजारी लोखंड कापायचा कारखाना. गुंडीला कडेवर घेऊन मी दारात उभी राहिले. डॉक्टरने फ्लॅश उघडला, मीटर लावला, आत फुंकर मारली, बंद केला. मग पाठीवरच्या लाल दिव्याकडे बघत बघत एकेकदा उडवला. दर वेळी उजेड पडला.

"ठणठणीत आहे दादा. माझ्यापेक्षा बरी तब्येत आहे याची."

"तुझ्यासमोर शहाणपण करतोय. सासरी आलेल्या जावयासारखा."

"मग ठेवून जा चार दिवस. बघतो घरात कसा वागतो ते."

"रविवारी काम आहे."

डॉक्टरने फ्लॅश कापडाने पुसून परत दिला. "रोग नसला तर औषध काय देऊ सांगा," तो म्हणाला. शेजारी लोखंड कापायचं यंत्र किंचाळत होतं आणि गुंडीने माझ्या मानेत तोंड खुपसलं होतं. बाबा मात्र त्या यंत्राशेजारी निवांत उभे होते. तेव्हा मला वाटलं, किती सवय आहे माणसाला.

दुपारी आई शेजारी गेली होती. घर शांत होतं. बाबा पुन्हा टेबलाशी बसले आणि मी गुंडीला भरवत होते. त्यांनी एकदा उडवला. उजेड गेल्यावर त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. बारीक, वर वर चढत जाणारा. गुंडीनेही चमचा सोडून तिकडे मान वळवली.

किती वर्षांनी ऐकत होते मी तो! लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा मला कार्यक्रमांना न्यायचे. फ्लॅश लांब वायरला जोडून माझ्या हातात द्यायचे आणि मी तो डोक्यावर उंच धरून उभी राहायचे. "यात एक डास राहतो," त्यांनी मला सांगितलं होतं. "उजेड टाकला की त्याला भूक लागते आणि तो गायला लागतो. पोट भरत आलं की आवाज बारीक होतो, अजून बारीक, आणि भरलं की गप्प. डास गप्प झाला की दाबायचं. आधी दाबलं तर उपाशी डास काय उजेड देणार?" फ्लॅशच्या पाठीवर लाल दिवाही आहे, तयार झाला की लागतो. पण दिवा बघून दाबणारे बाबांच्या लेखी शिकाऊ. "एक डोळा काचेला, एक माणसांवर. दिव्यासाठी तिसरा कुठून आणू? कान कशाला दिलेत मग?"

डास गात होता. बाबांनी बटण दाबलं. अर्थातच काही झालं नाही.

"बाबा, डास..."

"हो ना! गप्प झाला म्हणून तर दाबलं," बाबा म्हणाले. "तरी नाही. सांग आता."

डास अजून गात होता. गुंडी फ्लॅशकडे टक लावून बघत होती. मी हातातला चमचा वाटीत ठेवला.

गुंडीला लस टोचल्यावर ताप आला होता, तेव्हा बाबांनी तिच्या काखेत थर्मामीटर धरला होता. तो वाजून गेला तरी ते धरूनच बसले होते. "अजून वाजला नाही गं," म्हणाले होते. मला वाटलं होतं, नातीला मांडीवरून उतरवायचं नाहीये, म्हणून ढोंग करतायत. मला केवढं गोड वाटलं होतं ते.

"बाबा, एकदा दिवा बघून दाबा ना," मी म्हटलं.

"दिव्याला काय झालंय? दिवा लागतो की. रोग आत कुठेतरी आहे." त्यांनी फ्लॅश कानाजवळ नेऊन हलवला. आत काही सुटं वाजतंय का ते बघायला.

आई आल्यावर मी तिला मागच्या गॅलरीत गाठलं. ती गुंडीचे कपडे दोरीवरून काढत होती. मी सांगायला सुरुवात केली आणि तिने मध्येच हात वर केला.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"झाली असतील दोन-अडीच वर्षं. सकाळचे पक्षी म्हणे हल्ली येत नाहीत. येतात गं, झाड भरून येतात." तिने एक झबलं झटकलं. "जाड आवाज कळतात त्यांना. बारीक गेले. बायका तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणतात."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलते की. दिवसभर ओरडत असते, ऐकतेस ना तू? भांडताना आवाज चढला तर कुणी काही विचारत नाही." झबल्याची घडी घालता घालता ती थांबली. "नुसतं मोठ्यानं बोलले असते तर त्यांना कळलं असतं, का ते. त्यापेक्षा भांडकुदळ बायको बरी."

तिने घडी बाकीच्या कपड्यांवर ठेवली.

"फ्लॅशचं ते त्या कानामुळं आहे, हे मला नव्हतं माहीत," ती मग म्हणाली. "रविवार होऊ दे. मग तू सांग. माझ्याच्यानं नाही होणार."

रविवार होऊ द्यायचा तर युक्ती लागणार होती. रात्रभर गुंडी माझ्या अंगावर पाय टाकून झोपली होती आणि मी छताकडे बघत ती जुळवत होते. सकाळी बाबांना म्हटलं, "वायरच देते आहे दगा. जोडाशी ढिली असणार. मी हातात धरून उभी राहते, पूर्वीसारखी. मी फ्लॅश उंच केला की तुम्ही दाबा. खाली असेल तर नाही, सावल्या वाईट पडतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कळलं यांना. पण त्यांचा चेहरा उजळत गेला. "उंची वाढलीये तुझी. पूर्वी स्टुलावर उभी करायचो," ते म्हणाले आणि माझ्यासाठीही लेन्स पुसायचं एक फडकं काढून दिलं. मी ते कमरेला खोचलं.

सभागृह गच्च भरलं होतं. आई गुंडीला घेऊन अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ बसली. मॅनेजर रंगमंचाच्या कडेला हाताची घडी घालून उभा. आणि मला सांगायला हवं, की पहिला तासभर सगळं फार सुंदर झालं. उजेड पडायचा, मी हात खाली घ्यायचे, डास गायचा, दिवा लागायचा, हात वर. हात वर गेला की बाबा दाबायचे. भाषणं झाली, फुलं दिली गेली, जुन्या विद्यार्थ्यांची रांग लागली. एकही फोटो वाया गेला नाही. मध्येच बाबा मागे वळून डोळे मिचकावून म्हणाले, "वायरच होती बघ! डॉक्टरला सांगायला हवं." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते स्टुडिओच्या दिवसांतले दिसत होते. मॅनेजरने घडी सोडून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, असंच करता येईल. दर रविवारी येईन मी. काय बिघडलं?

मग मोठ्या बाईंच्या आईला वर आणलं.

नव्वदीच्या पुढची बाई. एवढीशी. दोघांनी धरून एकेक पायरी चढवली आणि सभागृह आपोआप शांत झालं. मोठ्या बाई स्वतःच आता पिकलेल्या, पण आई समोर आल्यावर त्यांचं तोंड शाळेतल्या मुलीसारखं झालं. कार्यक्रमभर कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या बाई रडायला लागल्या. बाबांनी आधी दोघींचा एक फोटो घेतला. उजेड पडला. आणि म्हातारीने हात उचलून लेकीच्या गालावर ठेवला.

त्याच वेळी मागून गुंडी रडली.

तिचं ते भुकेचं रडणं, पातळ, तार ओढल्यासारखं. एवढ्या शांत सभागृहात ते टोकापर्यंत गेलं. माझी मान वळली. मी वळवली नाही, ती वळली. छाती दुधानं भरून आली, ब्लाउज ओला झाला. माझी आई तिला घेऊन दाराकडे जायला उठताना दिसली. आणि माझा हात, आधीच्या फोटोसाठी उंच केलेला, तसाच वर राहिला.

बाबांना तो वर दिसला. त्यांनी दाबलं.

उजेड नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. नाही. मी भानावर येऊन हात खाली घेतला तोवर म्हातारीचाही हात खाली आला होता.

"झाला ना फोटो?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

बाबांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर बघितलं. "एकदा पुन्हा घेऊ या का? आजी, तसाच हात ठेवा."

"काय करू?" म्हातारीने विचारलं.

"हात. गालावर."

कुणीतरी तिचा हात धरून लेकीच्या गालावर नेऊन ठेवला. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, बाईंनीही पाहिलं. मी फ्लॅश उंच केला. उजेड अगदी व्यवस्थित पडला. त्या फोटोत दोन बायका आहेत आणि एकीच्या गालावर दुसरीचा हात आहे. बस.

मॅनेजर कडेला नव्हता. कधी गेला ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या लॅपटॉपपाशी बसले. "तो काळा काढ. उजळून बघू किती निघतो." मी फोटो उघडला आणि उजेड वाढवत नेला. काळ्यातून हळूहळू राखाडी दाणे वर आले, जाडेभरडे, वाळूसारखे. मग त्यात म्हातारी दिसली, तिचा गालावरचा हात दिसला. बाबा पुढे वाकले.

"चांगला आहे गं. हात बघ कसा आलाय." मग त्यांनी चष्मा पुसला. "पण या कुठे बघतायत?"

मी फोटो आणखी थोडा उजळला.

"सगळेच तिकडे बघतायत. ही, बाई, मागचे ते पाहुणे. मॅनेजर बघ." त्यांचं बोट पडद्यावर एकेका चेहऱ्यावर जात होतं. सगळ्या माना एकाच बाजूला वळलेल्या, दाराकडे. "काय झालं होतं मागे?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. आज ती ओरडली नाही.

"गुंडी रडत होती," मी म्हटलं.

"एवढ्या मोठ्यानं?"

"हो बाबा."

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बोट म्हातारीवर जाऊन थांबलं. "नव्वदीच्या पुढची आहे," ते म्हणाले. "हिनंसुद्धा ऐकलं."

नंतर त्यांनी काहीच विचारलं नाही. वायरचं नाही, माझ्या उंच हाताचं नाही. जरा वेळाने फक्त आईकडे बघून म्हणाले, "म्हणून भांडतेस होय." आई आत निघून गेली. आतून बराच वेळ भांड्याचाही आवाज आला नाही.

मॅनेजरचा फोन दुपारी आला. बाबांनी नाव बघितलं, फोन माझ्या हातात दिला. "तू बोल. मला नीट कळायचं नाही." फोनवर मॅनेजर फार चांगलं बोलला. दादांनी आता आराम करावा म्हणाला. त्याच्या भाच्याने नवा कॅमेरा घेतलाय म्हणाला. एवढं बोलताना त्याचा आवाज दोनदा अडखळला. मी बरं म्हटलं, आणखी काय म्हणणार? बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. फोन ठेवल्यावर सांगायची गरज पडली नाही. त्यांनी खिशातलं फडकं काढलं, उलगडलं, आणि पुन्हा घडी घालून टेबलावर ठेवलं.

डॉक्टर, म्हणजे खरे, कानाचे, त्यांच्याकडे जाऊ या असं मी त्या आठवड्यात दोनदा म्हणाले. "जाऊ," ते म्हणाले. ज्या सुरात मुलांना सांगतात, जाऊ हं आपण बागेत, त्या सुरात. दाढी वाढली होती. बूट दाराशी होते, तोंडं भिंतीकडे करून.

मग एका संध्याकाळी गुंडीला खाली ठेवून मी कपडे आणायला गॅलरीत गेले होते. परत आले तर आत दिवा लावलेला नव्हता. बाबा जमिनीवर बसले होते, मांडी घालून, आणि गुंडी त्यांच्यासमोर. मध्ये फ्लॅश. त्याचं तोंड त्यांनी रिकाम्या भिंतीकडे केलं होतं आणि पाठीवरच्या लाल दिव्यावर अंगठा ठेवून तो झाकला होता.

मी दारातच थांबले. डास गात होता. गुंडी तोंड उघडं टाकून फ्लॅशकडे बघत होती, एक हात हवेत तसाच. आवाज बारीक होत गेला, अजून बारीक. बाबा फ्लॅशकडे बघतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, लेन्समधून बघायचे तसे, श्वास धरून.

डास गप्प झाला. गुंडीचा हात खाली आला आणि तिने मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

त्यांनी बटण दाबलं. भिंत पांढरी झाली.

पुन्हा अंधार, पुन्हा तो आवाज, पुन्हा तिची मान तिकडे. मी कपडे छातीशी धरून उभी होते. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. फ्लॅश एकदाही चुकला नाही.